प्रवासातली दुरुस्ती साबणाच्या डबीत मावते

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की, आणि पुन्हा गणपतीच्या आधी, प्रवासाला निघताना बरोबर काय घ्यावे याच्या याद्या वर्तमानपत्रांत छापून येतात. औषधे, पॉवर बँक, टॉर्च, कोरडा खाऊ, ओळखपत्राची झेरॉक्स. यादीत चुकीचे काही नसते. पण चपलेचा पट्टा निसटला, बॅगेची चेन उघडी पडली, चष्म्याचा स्क्रू हरवला, छत्रीची काडी मोडली, गाडीचा होज पाइप गळू लागला, तर जागेवर काय करायचे याची एक ओळही तिथे नसते. मुंबईत राहणाऱ्याला तिची गरज वाटत नाही. बहुतेक स्टेशनांबाहेर गटई कामगार बसलेला असतो. चेन बदलणारा, चष्मेवाला, पंक्चरवाला हाकेच्या अंतरावर असतो. त्याच भरवशावर आपण कसारा ओलांडतो, नाहीतर माणगाव, महाड मागे टाकून कशेडीला लागतो आणि रात्री उशिरा उघडे दुकान शोधत बसतो.

शहरातही हा भरवसा दर वेळी पुरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हजारो लोक रुळांवरून आणि रस्त्यांवरून चालत घरी गेले. अशा पाण्यात तुटलेली चप्पल हातात घेऊन अनवाणी चालायचे, तर पायावरच्या एखाद्या ओरखड्यातूनही लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात जाऊ शकतात. म्हणून चपलेपासूनच सुरुवात करतो. त्याआधी एक गोष्ट, जी पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला लागू आहे.

वस्तू जिथे ताण येतो तिथे तुटते. आपण त्याच जागी गोंद लावतो किंवा पिन टोचतो, ताण पुन्हा तिथेच येतो आणि अर्ध्या तासात वस्तू परत तुटते. तात्पुरती दुरुस्ती टिकवायची असेल, तर तो ताण शेजारच्या शाबूत भागावर न्यावा लागतो. हे एकदा लक्षात आले की कोणती वस्तू हाताशी आहे हा प्रश्न दुय्यम होतो.

रबरी स्लीपरचा पट्टा तुटत नाही, बहुधा त्याची खालची गोल गुंडी तळाच्या भोकातून वर निसटते. भोक झिजून मोठे झालेले असते, त्यामुळे गुंडी नुसती परत ढकलली तर शंभर पावलांत पुन्हा बाहेर येते. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून साधारण ३ सेंटिमीटर व्यासाची चकती कापा. कडेपासून मध्यापर्यंत एक चीर द्या आणि मध्यावर पट्ट्याच्या देठाएवढे भोक करा. गुंडीला साबणाचे पाणी लावून ती भोकातून खाली ओढा, मग चकती चिरेतून देठावर सरकवा, म्हणजे ती गुंडी आणि तळ यांच्यामध्ये बसेल. आता ताण झिजलेल्या भोकावर येत नाही, चकतीच्या पूर्ण रुंदीवर पसरतो. चकती नसेल तर गुंडीच्या वर, देठातून आडवी सेफ्टी पिन घाला, पण पिन तळाच्या खालच्या बाजूला राहू द्या आणि तिचे टोक बंद झाले आहे ना ते बघा. फरशीवर पिन घसरते, जिना उतरताना जपा.

चामड्याच्या चपलेत गोष्ट वेगळी आहे. तिथे शिवण उसवते, आणि ओले चामडे सैल पडते म्हणून टाक्यांची भोके लांबतात. जुन्या भोकांतूनच शिवायचे, नवीन भोके पाडायची नाहीत, नाहीतर पट्ट्यावर फाडायची रेघ तयार होते. दाभण आणि मेण लावलेला नायलॉनचा दोरा लागतो. मेण म्हणजे मेणबत्ती. दोरा दुहेरी करून तीवरून दोनदा ओढला की तो भिजत नाही आणि गाठही सुटत नाही. धावदोरा घालू नका. उलटी टीप घाला, म्हणजे एक टाका सुटला तरी पुढचे सगळे उसवत नाहीत.

ट्रेकिंगचे बूट ही पावसाळ्यात दर शनिवारी-रविवारी दिसणारी तक्रार. बूट वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेले असतात, वरून नव्यासारखे दिसतात आणि गडाच्या अर्ध्या वाटेवर त्यांचा तळ सुटतो. बऱ्याच बुटांत वरचा भाग आणि खालचे रबर यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा फेस असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून हळूहळू कुजतो, वापरला नाही तरीही. मुंबईच्या दमट हवेत तर हे अटळच आहे. अशा तळाला फेव्हिक्विक लावून उपयोग नाही, कारण चिकटायला घट्ट पृष्ठभागच उरलेला नसतो; भुगा भुग्याला चिकटतो. इथे बांधणी हवी. सायकलच्या जुन्या ट्यूबची अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी चवड्याभोवती ताणून तीन वेढे द्या, दुसरी पट्टी टाचेखालून घोट्याकडे न्या. दोरी वापरायची असेल तर ती तळाच्या नक्षीच्या खाचेतून घ्या. उंचवट्यावरून घेतली तर दगडांवर घासून थोड्याच अंतरात तुटते. गाठ नेहमी वर, नाडीजवळ. दोन्ही बूट त्याच वेळी बांधून घ्या, कारण दुसरा तळही त्याच वयाचा असतो. निघण्याआधी घरीच बुटाचा तळ दोन्ही हातांनी वाकवून पाहिला, बाजूच्या फेसात अंगठ्याचे नख दाबून पाहिले, तर बहुतेक वेळा दोष तिथेच कळतो.

ट्यूबच्या या पट्टीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण सगळ्या सामानात मला तिची किंमत सर्वांत जास्त वाटते. कोणत्याही पंक्चरवाल्याकडे फेकायला ठेवलेली ट्यूब मिळते. व्हॉल्व्ह कापून टाका, ट्यूब उभी चिरा, आतली पावडर पुसा, एक मीटरच्या पट्ट्या करा. गुंडाळताना पट्टी जवळपास दुप्पट ताणायची आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा. शेवटचे टोक शेवटच्या वेढ्याखाली बोटाने खुपसायचे, गाठीची गरज नसते. प्रत्येक वेढ्यागणिक दाब वाढत जातो, म्हणून ती पाइप आवळते आणि मोडलेली दांडीही सरळ धरते. याच कारणाने ती माणसाच्या हातापायाला कधीही गुंडाळू नये, रक्तपुरवठा थांबतो.

आता चेन. चेन बंद केल्यावर रनरच्या मागून दाते उघडे पडतात, तेव्हा लोक दात्यांना दोष देतात. दोष बहुधा रनरचा असतो. वापरून वापरून त्याची मागची बाजू किंचित फाकते आणि दाते एकमेकांत पुरते दाबले जात नाहीत. रनर चेनच्या सुरुवातीला न्या, त्याच्या मागच्या बाजूच्या दोन्ही कडा छोट्या पक्कडीने एकेक करून अगदी हलक्या दाबा, चालवून पाहा, गरज वाटली तर पुन्हा थोडे दाबा. एका दमात जोर लावला तर ओतीव धातूचा रनर तडकतो आणि मग काही उरत नाही. रनर एका बाजूने निसटला असेल तर चेनच्या खालच्या टोकाशी दात्यांमध्ये छोटी चीर द्या, तिथून रनर दोन्ही बाजूंनी समान चढवा आणि चिरेच्या वर दोऱ्याचे आठ-दहा वेढे घट्ट घालून नवीन अडसर करा. अडकणाऱ्या चेनवर मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासावा. खोबरेल तेल लावू नये. त्या दिवशी चेन सुरेख चालते, पण तेल धूळ धरून ठेवते आणि परतीच्या वाटेवर ती आणखी वाईट अडकते. रनरची लोंबती पट्टी तुटणे हा किरकोळ मामला आहे. भोकातून १०० मिलिमीटरचा केबल टाय किंवा नाडी ओवली की झाले.

केबल टायबद्दल दोन आकडे माहीत असावेत. अडीच मिलिमीटर रुंदीचा टाय साधारण ८ किलोचा ताण सोसतो, ४.८ मिलिमीटरचा साधारण २२ किलो. म्हणजे भरलेल्या सॅकचा पट्टा बारीक टायवर टांगू नये. पांढरा टाय उन्हात ठिसूळ होतो, काळा जास्त टिकतो. बंद झालेला टाय कापायलाच हवा असे नाही. त्याच्या डोक्यातली छोटी जीभ पिनेच्या टोकाने उचलली की तो मागे सरकतो आणि पुन्हा वापरता येतो.

सॅकचा पट्टा शिवणीतून उसवला तर सेफ्टी पिन एकेरी कापडातून घालू नका, कापड चिरत जाते. कापड दुमडून तीन पदर करा आणि पिन ताणाच्या दिशेला आडवी घाला. वेळ असेल तर शिवा: चौकोन घाला आणि त्यात फुली. सुतळी जाड दिसली तरी ओली झाली की कुजते आणि ताणते. दात साफ करायचा फ्लॉस तिच्याहून कितीतरी भरवशाचा.

ट्रॉली बॅगेचे कवच तडकते तेव्हा सगळे फेव्हिक्विक शोधतात. बॅग पॉलिप्रॉपिलीनची असेल, आणि बादल्या, डबे, बाटल्यांची झाकणे यांतले बहुतेक प्लास्टिक त्याच जातीचे असते, तर त्यावर नेहमीचा कोणताही गोंद धरत नाही. ते चिकटवायचे नसते, शिवायचे असते. भेगेच्या टोकाला तापवलेल्या दाभणाने एक भोक पाडा, म्हणजे भेग तिथे थांबेल. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना कडेपासून एक सेंटिमीटर आत, दीड-दोन सेंटिमीटरच्या अंतराने समोरासमोर भोके पाडा आणि बारीक केबल टायने टाके घाला. भेग वाढत नाही आणि बॅग घरापर्यंत येते. दाभण तापवायचे काम धर्मशाळेच्या किंवा लॉजच्या अंगणात करा. रेल्वेच्या डब्यात काडी किंवा लायटर पेटवू नका. नायलॉनच्या दोरीची टोके वितळवायलाही नाही.

फेव्हिक्विकची जागा ओळखून ती वापरली तर ती फार उपयोगी आहे. घट्ट बसणाऱ्या दोन कडा, पातळ थर आणि क्षणभराचा दाब, एवढेच तिला हवे असते. थर जाड झाला की ती वाळतही नाही आणि धरतही नाही. फट भरायची असेल तर फटीत खायचा सोडा चिमूटभर भरून त्यावर एक थेंब सोडा. काही सेकंदांत दगडासारखे घट्ट होते आणि कानशीने घासता येते. सुती कपड्यावर किंवा कापसावर ती सांडली तर एकदम उष्णता निर्माण होते, धूर निघू शकतो आणि कातडी भाजते, त्यामुळे मांडीवर ठेवून काम करू नका. बोटे चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू गुंडाळल्यासारखी सोडवा. उघडलेली नळी पुढच्या प्रवासाला चालत नाही, हवेतल्या ओलाव्याने ती आत वाळते. म्हणून मोठी बाटली न घेता अर्ध्या ग्रॅमच्या दोन बंद नळ्या ठेवाव्यात.

चष्म्याजवळ मात्र ती आणूच नका. तिची वाफ प्लास्टिकच्या काचेवर पांढरट धुके बसवते. दांडीचा स्क्रू पडला तर जुन्या चार्जरच्या वायरीतले तांब्याचे चार-पाच तंतू पिळून बिजागरीच्या भोकातून दोनदा काढा, टोके बाहेरच्या बाजूला पिळा, कापा आणि वर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा, म्हणजे कानशिलाला टोचणार नाही. छोट्यातली छोटी सेफ्टी पिनही चालते, पण तिच्यामुळे दांडी पुरती मिटत नाही. स्क्रू सापडला असेल तर बसवून त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक थेंब सोडा, तो हादऱ्यांनी सैल होणार नाही. पुढे खरा स्क्रू काढायला काही अडचण येत नाही. अर्ध्या फ्रेमच्या चष्म्याची काच नायलॉनच्या दोऱ्यावर असते. ती निसटली तर तिथे मासेमारीची बारीक तंगूस चालते, शिवणाचा दोरा चालत नाही, कारण तो ताणला जातो आणि काच पुन्हा पडते.

छत्रीच्या बाबतीत कापड काडीच्या टोकावरून सुटणे हे सर्वांत नेहमीचे. टोकाला भोक असते, त्यातून चार टाके घेऊन दोरा टोकाभोवती तीनदा गुंडाळावा. काडी मधेच मोडली असेल तर मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना किमान ४ सेंटिमीटर जाईल असा तारेचा सरळ तुकडा जोडून बाइंडिंग वायरने, म्हणजे बांधायच्या मऊ बारीक लोखंडी तारेने, आवळा, टोके आत वळवा, नाहीतर तीच कापड फाडतात. कोकणातल्या वाऱ्यात ही छत्री चालणार नाही. गाडीतून घरापर्यंत चालेल.

रेनकोटला चीर पडली की लोक पावसातच टेप लावतात. ओल्या पृष्ठभागावर कोणताही टेप धरत नाही. आधी आडोसा, मग कोरड्या कापडाने पुसणे, मग तळहाताने घासून तो भाग किंचित गरम करणे. कापडी टेपच्या तुकड्याचे कोपरे गोल कापा; चौकोनी कोपरा सर्वांत आधी उचलला जातो. चिरेच्या आतून आणि बाहेरून दोन्हीकडे लावा. वायरिंगचा काळा टेप इथे घेऊ नका, तो उन्हात आणि अंगाच्या उष्णतेने सरकतो व चिकट घाण मागे ठेवतो. टेपचे अख्खे रीळ वाहण्याची गरज नाही, बाद झालेल्या एटीएम कार्डावर दोन मीटर गुंडाळले की पुरते. सॅकवरचे पावसाळी कव्हर फाटले तर ते दुरुस्त करत वेळ घालवू नका. कचऱ्याची मोठी काळी पिशवी सॅकच्या आत घालून सामान तिच्यात भरा. पाणी पाठीकडून झिरपते आणि तिथे कव्हर नसतेच.

मोबाइल चार्ज होत नाही तेव्हा बऱ्याचदा वायर खराब नसते, खिशातला कापूस आणि धूळ खाचेत दाबून बसलेली असते. मोबाइल बंद करून लाकडी टूथपिकने ती हलकेच उकरा. सेफ्टी पिन किंवा सुई घालू नका, आतल्या बारीक पट्ट्या वाकतात. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवायची पद्धत सोडून द्यायला हवी. तांदूळ ओलावा फार काही ओढत नाहीत, त्यांची पूड मात्र खाचेत जाते. पुसा, सिमचा खण काढा, खाच खाली करून पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका. टॉर्चचे मोठे पेन्सिल सेल संपले आणि जवळ रिमोटचे बारीक सेल असतील तर तेही चालतात: दोन्हींचा दाब दीड व्होल्टच असतो, लांबीत फरक सुमारे ६ मिलिमीटरचा आहे. ॲल्युमिनियम फॉइल घट्ट दाबून तेवढी गोळी करा आणि सेलच्या सपाट टोकाशी ठेवा. उजेड तसाच पडतो, फक्त लवकर संपतो. एका टॉर्चमध्ये जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. लिथियमच्या सेलना ही युक्ती लावू नका.

गाडीकडे येतो. होज पाइप फुटला की बॉनेटमधून वाफ येते आणि माणूस पहिले काम करतो ते रेडिएटरचे झाकण उघडण्याचे. आतले पाणी १०० अंशांच्या वर गेलेले असते आणि झाकणाच्या दाबामुळेच ते उकळत नसते. झाकण उघडताच ते एकदम उकळून तोंडावर येते. इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबा. घाटात चढण चढून आलेल्या गाडीला त्याहून जास्त. मग पाइप कोरडा पुसून ट्यूबची पट्टी भेगेच्या अलीकडे ५ सेंटिमीटरपासून पलीकडे ५ सेंटिमीटरपर्यंत गुंडाळा, दोन थर द्या, आणि दोन्ही टोकांना बाइंडिंग वायरचे दोन-दोन वेढे पक्कडीने पिळा. वायर इतकी आवळू नका की ती रबरात रुतेल. पाणी थोडे थोडे घाला. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतले तर धातू तडकण्याचा धोका असतो. एसी बंद, वेग कमी, तापमानाच्या काट्यावर नजर, आणि पहिल्या उघड्या गॅरेजला थांबणे.

लोंबणाऱ्या सायलेन्सरला केबल टाय किंवा दोरी लावली तर ती काही मिनिटांत वितळते. तिथे फक्त लोखंडी तार, आणि तीही सायलेन्सर गार झाल्यावर. उलट गाडीखालचे प्लास्टिकचे आवरण घासत असेल तर तिथे केबल टायच हवा. वायपरची क्लिप तुटली तर पाते दांडीला दोन बारीक टायने बांधता येते. ड्रायव्हरच्या बाजूचे पातेच गेले असेल तर डावीकडचे काढून उजवीकडे लावा, फक्त लांबीत फरक असेल तर आधी एकदा हळू फिरवून ते कुठे आदळत नाही ना ते बघा.

जळलेल्या फ्यूजच्या जागी फॉइल किंवा तार घालणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. फ्यूज वाचत नाही, पूर्ण वायरिंग जळते. त्याऐवजी रेडिओचा किंवा एसीचा तेवढ्याच क्षमतेचा फ्यूज काढून लावा. रंगावरून क्षमता कळते: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लावलेला फ्यूज पुन्हा जळला, तर दोष दुसरीकडे आहे. तिसरा फ्यूज घालू नका.

दुचाकीची क्लच वायर बहुधा लिव्हरजवळच तुटते, जिथे तिच्या टोकाला गोल मणी असतो. स्क्रूने आवळणारा छोटा पितळी नट स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. तो तुटलेल्या टोकाला लावून, दुसऱ्या बाजूची वायर ॲडजस्टरने सैल करून काम भागते. लांबच्या प्रवासाला निघणारे अनेक जण नवी क्लच वायर आधीच जुन्या वायरीशेजारून ओवून टेपने बांधून ठेवतात, म्हणजे वाटेत टाकीखाली हात घालावा लागत नाही. ही पद्धत उत्तम आहे. पेट्रोलच्या लोखंडी टाकीला बारीक छिद्र पडून थेंब पडत असतील तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी त्यावर घासून छिद्रात दाबून भरावी. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे बूच काही तास टिकते. इंजिन बंद, जवळपास काडी-सिगारेट नाही, आणि पाऊस असेल तर वरून ट्यूबची पट्टी, कारण पाण्यात साबण विरघळतो. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला आणि हवा टिकून असेल, तर तो उपसू नका. हळू चालवत पंक्चरवाल्याकडे जा.

काही ठिकाणी घरातली कोणतीही वस्तू वापरायची नाही, आणि हे मी मुद्दाम निक्षून लिहितो, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत नेमक्या याच दुरुस्त्या कौतुकाने दाखवतात. ब्रेकची वायर किंवा नळी. क्लचचा तो पितळी नट ब्रेकला कधीच लावू नये, तो निसटतो आणि उतारावरच निसटतो. टायरच्या बाजूच्या भिंतीतली चीर. तिथे रबर दर फेरीला वाकते, कोणतीही पट्टी राहत नाही. सीट बेल्ट. तडकलेले हेल्मेट, कारण आतला थर्मोकोल एकदाच धक्का सोसतो. गडावर वापरायची दोरी आणि हार्नेस. गॅसची नळी, मग ती कितीही थोडी गळत असो. आणि लॉजमधल्या सॉकेटमध्ये उघड्या तारा काडेपेटीच्या काडीने दाबून बसवणे. तिथे २३० व्होल्ट असतात आणि हात बहुधा ओला असतो. अशा वेळी गाडी बाजूला लावून मदत मागवणे हीच दुरुस्ती. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतरत्र ११२, रेल्वेत १३९.

वर सांगितलेले सामान साबणाच्या एका डबीत बसते: मोठ्या-छोट्या सेफ्टी पिना चार-चार, एक दाभण, दोन जाड सुया, पाच मीटर नायलॉनचा दोरा, दोन्ही मापांचे दहा-दहा केबल टाय, कार्डावर गुंडाळलेला टेप, ट्यूबच्या दोन पट्ट्या, मीटरभर बाइंडिंग वायर, वीतभर तांब्याची तार, मेणबत्तीचा तुकडा, फेव्हिक्विकच्या दोन नळ्या, थोडे फॉइल, झाकणाची कापून ठेवलेली चकती. मोठे केबल टाय गोल वळवून ठेवावे लागतात. छोटी पक्कड डबीबाहेर, पण बॅगेत. बहुतेक गोष्टी घरातल्या खणात पडलेल्या असतात; उरलेल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आणि गठ्ठ्याने घ्यायच्या असतील तर नागदेवी स्ट्रीट आहेच. दर पावसाळ्याआधी डबी उघडून वाळलेल्या नळ्या, ठिसूळ टाय आणि गंजलेल्या पिना बदलाव्यात.

विमानाने जाणाऱ्यांनी दाभण, पक्कड, कात्री चेक-इन सामानात टाकावी. पंक्चरचे सोल्यूशन आणि तसले ज्वालाग्राही गोंद दोन्हीकडे चालत नाहीत. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत ठेवावी लागते.

आपल्या पुरवणीत गणपतीच्या प्रवासाची यादी येईल तेव्हा औषधांच्या यादीशेजारी यातले थोडे तरी छापावे, ही विनंती. जागा कमी असेल तर चपलेची चकती, रेडिएटरचे झाकण आणि ब्रेकचा मजकूर एवढे तीन ठेवावेत, बाकीचे गाळले तरी चालेल.

आपला,
दुरुस्तीच्या कामातला एक वाचक
लालबाग, मुंबई